फर्मी वायूचं सिम्युलेशन: ऊर्जा टिकते, मग वितरण का बिघडतं?

तुमची अडचण अशी: हार्मोनिक ट्रॅपमध्ये दोन स्पिनचा अतिशीत फर्मी वायू आहे आणि बोल्ट्झमन समीकरण तुम्ही टेस्ट कणांनी (एका अणूऐवजी अनेक नमुना-कण) सोडवताय. एकूण ऊर्जा टिकते, धक्का दिलेला ढग ट्रॅपच्याच वारंवारितेने झुलतो, तरी फर्मी-डिरॅक वितरण हळूहळू मॅक्सवेलच्या अभिजात वितरणाकडे सरकतं.

माझा संशय थेट पाउली ब्लॉकिंगवर, म्हणजे भरलेल्या अवस्थेत कण ढकलणारी टक्कर नाकारण्याच्या नियमावर. मी स्वतः यात दोन आठवडे घालवलेत, इंटिग्रेटरला (कणांची गती पुढे नेणाऱ्या भागाला) शिव्या देत. तो बिचारा निर्दोष निघाला. तुमच्या दोन्ही चाचण्या या चुकीला आंधळ्या आहेत. टकरीत ऊर्जा आणि संवेग जपले की त्या पास. मुळात ती टक्कर व्हायला हवी होती का, हे त्या विचारतच नाहीत.

समजा एका अणूमागे १० टेस्ट कण आहेत. फेज स्पेसच्या (स्थान आणि संवेग मिळून) h³ एवढ्या, म्हणजे एका अवस्थेच्या, पूर्ण भरलेल्या घरात सरासरी १० कण, पण चढउतार ±३. f, म्हणजे अवस्था किती भरली आहे तो आकडा, कधी १.३ येतो, कधी ०.७. १.३ आला की कोड तो १ वर कापतो, टक्कर नाकारतो, ठीक. ०.७ आला की मात्र १−f = ०.३, आणि दोन्ही कणांचं मिळून ०.०९ शक्यतेने निषिद्ध टक्कर होऊन जाते. वरची चूक कापली जाते, खालची राहते. म्हणून गळती एकाच दिशेने.

एकदा शून्य तापमानापासून चालवून बघा. अचूक कोडमध्ये एकही टक्कर स्वीकारली जाता कामा नये. मग ब्लॉकिंग मुद्दाम बंद करा. दर अणूची ऊर्जा ¾E_F (E_F म्हणजे फर्मी ऊर्जा), अभिजात वायूची 3kT, म्हणजे ढग T_F/४ वर (T_F = E_F/k) स्थिरावेल आणि केंद्रात f होईल ३२/३. एका अवस्थेत दहाहून जास्त फर्मिऑन! तुमचा कोड त्या वाटेवर किती पुढे गेलाय ते यावरून कळेल.

उपाय: अणूमागे १०० कण घ्या (चढउतार १०% वर येतो) आणि f मोजताना प्रत्येक कण गाउसियनने पसरवा. पण किती पसरवायचा, इथेच कस लागतो. स्पिनमागे १०,००० अणू असतील तर E_F सुमारे ३९ħω (ω ट्रॅपची वारंवारिता), ढगाची त्रिज्या गुणिले फर्मी संवेग फक्त ७८ħ. T/T_F = ०.२ ला फर्मी पृष्ठभागाची जाडी इतकी कमी असते की गाउसियन जरा रुंद झाला तरी कडाच पुसली जाते. मी गाउसियनच्या स्थानातल्या आणि संवेगातल्या रुंदींचा गुणाकार ħ च्या आसपास ठेवतो.

आणि हो, कण दहापट केलेत तर टकरीचं क्रॉस-सेक्शन दहाने भागायला विसरू नका.