अर्थ कळला आणि गाणं हातचं गेलं?

प्रश्न : मी आता पन्नाशीला आले. आठ-नऊ वर्षांची असताना दादाने मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' हा अल्बम मित्राकडून कॅसेटवर भरून आणला होता. इंग्रजीचा गंध नव्हता, तरी त्यातलं 'बिली जीन' मला अथपासून इतिपर्यंत तोंडपाठ होतं. पाहुणे आले की आई त्यावर नाचून दाखवायला लावायची. परवा लेकीने फोनवर गाण्याचे शब्द उघडून दिले. एक बाई म्हणते हे मूल तुझंच, आणि तो म्हणतो माझं नव्हे! काका-मावशीसमोर आपण कशावर नाचत होतो हे कळून कानशिलं तापली. पण खरी बोच निराळीच आहे. शब्द वाचून वाटलं, यात एवढं काय होतं? ज्यावर जीव टाकला ते मुळात कळलंच नव्हतं, मग त्या प्रेमाला काय अर्थ?
ता. क. ती कॅसेट अजून आहे. दादाकडून चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं होतं, त्यामुळे एका गाण्याच्या मध्येच आमचं भांडण ऐकू येतं. टाकून देऊ का?
— एक वाचिका

उत्तर : आधी काका-मावशीचं. इंग्रजी गाण्याचे शब्द त्यांनीही कान देऊन ऐकले नसणार, तेव्हा घराण्याची अब्रू शाबूत आहे.

आता बोच. शब्द हातात धरून हे गाणं मोजायला गेलात की फसगत होणारच, कारण ते त्या बाजूने घडलेलंच नाही. जॅक्सनला नोटेशन, म्हणजे स्वरलिपी, लिहिता येत नव्हतं. गाणं सुचलं की तो टेपरेकॉर्डरसमोर सगळं तोंडानेच वाजवून ठेवायचा. ड्रमचा ठेका, बासची म्हणजे खर्जातल्या गिटारची चाल, वाद्यांचे तुकडे, सगळं. वादकांनी ते ऐकून वाजवायचं. आठ वर्षांची मुलगी गाणं शिकते ते याच रस्त्याने.

आज हेडफोन लावून 'बिली जीन'ची नुसती सुरुवात ऐका. आधी एकटा ड्रम. मग त्याच्या जोडीने बास चालू लागतो. मग सिंथेसायझर. गाणाऱ्याचा आवाज यायला जवळजवळ अर्धा मिनिट जातो. निर्माता क्विन्सी जोन्सला ही सुरुवात फार लांबलेली वाटत होती, ती कापायची असं त्याचं मत. जॅक्सन हटून बसला, कारण नाचावंसं वाटतं ते तिथेच, असं त्याचं म्हणणं. हा किस्सा जोन्सने स्वतःच पुढे सांगितला. तुमचे पाय कुठे उचलले जात होते ते आठवा. बहुतेक पहिला शब्द यायच्या आधीच.

आणि त्या ड्रमच्या आवाजावर ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीनने केवढा जीव पाखडलाय! या एका गाण्याची ९१ मिश्रणं (आवाज आणि वाद्यं कमीजास्त करून जुळवलेली रूपं) केली आणि अखेर रेकॉर्डवर घेतलं ते दुसऱ्या क्रमांकाचं, असं तो सांगायचा. काही ओळी तर त्याने जॅक्सनला पुठ्ठ्याच्या लांब नळीतून गायला लावल्या होत्या. १९८२ साली स्टुडिओत बसून ही माणसं ज्यासाठी रात्री जागवत होती ते तुमच्या कानाने भावाच्या भरून आणलेल्या कॅसेटवरून टिपलं. आणखी कळायचं काय राहिलं होतं? (शब्द साधे आहेत, हे मान्य. त्यात काव्य शोधू नका, वेळ जाईल.)

मीही याच पंथातली. मी जॅक्सनचंच 'स्मूथ क्रिमिनल' गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर देवनागरीत उतरवलं होतं. पॉज दाबायचा, लिहायचं, खट्‌कन मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं. तेवढ्याच जागी टेप इतकी ओढली गेली की आवाज डुलायला लागला. माझ्या वहीत 'अनियारुओके' हा एकच शब्द होता. तो म्हणजे 'ॲनी, आर यू ओके', हे कॉलेजात कळलं. त्यातली गंमत तर त्याहून उशिरा. कृत्रिम श्वास आणि छातीदाब शिकवायला एक पुतळी वापरतात, नॉर्वेत १९६० साली बनलेली, नाव ॲनी. अमेरिकेतल्या प्रशिक्षणात शिकाऊंनी आधी तिला हलवून हाच प्रश्न विचारायचा असे. हे समजल्यावर माझं गाणं हातचं गेलं नाही. त्या ओळीत इतकी घाई, इतका धाक का भरलाय ते उलगडलं. धाक मात्र आधीपासून ऐकू येतच होता, म्हणून तर ती ओळ मी दिवे गेल्यावर म्हणत नसे.

तेव्हा लेकीला शब्द वाचू द्या. तुम्ही तिला ओळींच्या मधल्या जागा दाखवा, जॅक्सन जिथे उचकी देतो, श्वास ओढतो त्या. तुम्हाला त्या आजही पाठ असतील, पैजेवर सांगते.

कॅसेट मुळीच टाकू नका. 'थ्रिलर' कुठेही मिळेल, तुमचं भांडण मिळणार नाही. पाठच्या कडेवरचे दोन प्लास्टिकचे चौकोन आधी मोडून टाका, म्हणजे पुन्हा कोणाचं बोट चुकलं तरी त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. टेप उघडी दिसते त्या कडेच्या मधोमध, टेपच्या मागे असलेला नमद्याचा बारीक तुकडा जागेवर आहे का पाहा. डिंक वाळला की तो गळतो आणि आवाज दबतो. टेपवर पांढरट बुरशी दिसली तर घरी लावू नका, जाणकाराकडे द्या. सगळं ठीक असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे आणा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतील. प्लेअरचं हेड, म्हणजे टेप ज्याला घासून जाते तो धातूचा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. मग आवाज संगणकात उतरवून ठेवायला हेडफोनच्या जागेतून केबल काढून संगणकाच्या ऑडिओ इनपुटला जोडा. लॅपटॉपला तशी सोय नसेल तर छोटं यूएसबी ऑडिओ उपकरण लागेल. 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरेसं आहे. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा, एमपीथ्री नंतर करता येते. हे काम कॅसेट वाजेल त्याच वेगाने होतं, तेव्हा एखादी दुपार मोकळी ठेवा. दादालाही बोलवा.