एसव्हीजी ‘रेखाटायचे’ की ‘प्रदर्शित करायचे’?

ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, ठाणे ते वाशी या ट्रान्स-हार्बर मार्गाचा नकाशा ॲपमध्ये एसव्हीजी (स्केलेबल व्हेक्टर ग्राफिक्स) या चित्रांच्या फाइल-स्वरूपात देताना, मराठी माहितीपुस्तिकेत ‘रेंडर करणे’ (फाइलवरून पडद्यावर चित्र उमटवणे) याला ‘प्रदर्शित करणे’ म्हणावे की आणखी काही.

माझे स्पष्ट मत ‘रेखाटणे’ या क्रियापदाच्या बाजूने आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००१ साली प्रमाणित केलेल्या या स्वरूपात फाइलमध्ये तयार ठिपके नसतात, तर मजकुराच्या रूपात सूचना असतात. त्यातला ‘पाथ’ हा घटक उघडून पाहिला की ‘एम’ म्हणजे लेखणी उचलून अमुक बिंदूवर ठेवा, ‘एल’ म्हणजे तिथून सरळ रेघ ओढा, ‘सी’ म्हणजे वक्र काढा आणि ‘झेड’ म्हणजे आकृती बंद करा, अशीच भाषा आढळते. या सूचनांवरून पडद्यावरच्या कोणत्या ठिपक्याला कोणता रंग द्यायचा हे सॉफ्टवेअर ठरवते. या कामाला ‘प्रदर्शित करणे’ म्हटले तर जणू चित्र आधीच तयार होते आणि आपण फक्त पडदा बाजूला सारला, असा अर्थ होतो. तो ठिपक्यांच्या रूपात साठवलेल्या जेपीईजी छायाचित्राला बऱ्याच अंशी लागू पडेल, इथे नाही.

नकाशा तर डिझायनरने आधीच रेखाटलेला आहे, असा आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्तही आहे. तथापि प्रत्येक पडद्यावर, प्रत्येक आकारासाठी रेघ नव्याने ओढली जाते, म्हणूनच नकाशा कितीही मोठा केला तरी तो फाटत नाही. प्रवाशाला दिसणाऱ्या संदेशात मात्र ‘नकाशा दिसू शकत नाही’ एवढेच पुरे.

एसव्हीजीच्या नावातल्या ‘स्केलेबल’साठी ‘मापनीय’ हा शब्द टाळावा, कारण त्याचा अर्थ मोजता येण्याजोगे असा होतो. ‘लहानमोठे करता येणारे’ हे लांबले तरी अचूक आहे. ‘व्हेक्टर’साठी पाठ्यपुस्तकातला ‘सदिश’ उपलब्ध आहे, पण पुस्तिकेत ‘व्हेक्टर’च ठेवावा.

खरी गुंतागुंत स्थानकांच्या नावांत आहे. ‘दिघा गाव’ हे नाव फाइलमध्ये ‘टेक्स्ट’ म्हणून साठवले असेल, तर संगणकाकडे आधी द आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी या क्रमाने वर्ण येतात. डोळ्यांना मात्र वेलांटी द-च्या आधी दिसायला हवी. हा क्रम बदलण्याची सोय नसलेल्या सॉफ्टवेअर लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) वेलांटी द-च्या नंतर जाऊन घ-वर पडते आणि नाव वाचताच येत नाही. रेखाटण्यापूर्वीच्या या टप्प्याला छापखान्याने दिलेला ‘अक्षरजुळणी’ हा सुंदर शब्द आपल्याकडे आहे आणि पुस्तिकेत तो आवर्जून वापरावा. अक्षरांचे आधीच पाथमध्ये रूपांतर केले तर जुळणीचा प्रश्न मिटतो, परंतु मग तो मजकूर राहत नाही; नकाशात ‘दिघा’ शोधता येत नाही आणि दृष्टिहीन प्रवाशाला मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही तो पाथवरून वाचू शकत नाही, म्हणून अशा वेळी नावे ‘टायटल’ या घटकात स्वतंत्रपणे द्यावीत.