एकाच माणसात चांगुलपणा आणि दुष्टपणा एकत्र कसे नांदतात? त्यातला खरा माणूस कुठला?

दोन्ही खरे. माझ्या सख्ख्या काकांचं सांगते.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, माझे बाबा त्यातलेच. घरात दाणा उरला नाही तेव्हा आई-बाबा दादाला घेऊन गावी रत्नागिरीकडे गेले. संप मिटला की परत येऊ, या हिशेबाने. तो रीतसर कधी मिटलाच नाही. मधल्या काळात आजोबा वारले आणि काकांनी चाळमालकाला गाठून कुर्ल्याच्या पागडीच्या खोलीची भाडेपावती एकट्याच्या नावावर करून घेतली. बाबा परतले तर त्यांची ट्रंक गॅलरीत काढून ठेवलेली. "भाडं मी भरलंय," एवढंच काका बोलले. बाबांनी उरलेलं आयुष्य डोंबिवलीत दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवण्यात काढलं. माझा जन्मही अशाच एका भाड्याच्या खोलीतला.

आता २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी एकोणीस वर्षांची, दादरहून क्लास आटपून घरी निघालेली. गाडी सायन-कुर्ल्याच्या मध्ये अडकली. अंधार पडायला लागला तेव्हा बायकांनी एकमेकींचे हात धरून खाली उड्या मारल्या. कंबरभर पाण्यात पायाखालची खडी चाचपत कुर्ल्याला पोचलो, पश्चिमेला बाहेर पडलो, तर रस्ता दिसेना, नुसतं पाणी. एका दुकानाच्या शटरपासून चाळीच्या जिन्यापर्यंत दोरखंड बांधलेला आणि छातीभर पाण्यात उभा राहून एक माणूस एकेकाला पलीकडे नेत होता. त्याने माझं मनगट धरलं. मध्यावर कुणाच्या तरी बॅटरीचा उजेड पडला. काका.

"तू आमच्या दादाची मुलगी ना?" म्हणाले. बाबांना ते दादा म्हणायचे. पकड सैल केली नाही.

त्या रात्री त्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही वीसेक अनोळखी माणसं होतो. काकूने मला स्वतःची कोरडी साडी नेसवली, मोठ्या टोपात खिचडी टाकली. भिंतीवर आजोबांचा फोटो. ज्या खोलीपायी माझी आई देवासमोर रडायची, त्या खोलीत मी सुखरूप निजले. काका पहाटे वर आले तेव्हा दोराने त्यांच्या तळहातांची सालटी निघाली होती.

दादा म्हणतो, ते प्रायश्चित्त होतं. साफ चूक. पुढे मी काकांना तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "पावती माझीच होती." पश्चात्तापाचा लवलेश नाही. समोर संधी दिसली की पुढचा-मागचा विचार न करता हात घालणारा माणूस तो. पावतीलाही तसाच हात घातला, दोरालाही. गीतेच्या १४ व्या अध्यायात म्हटलंय की सत्त्व, रज, तम एकमेकांना दाबून वर येतात. मी काकांमध्ये काही दाबलं गेलेलं पाहिलं नाही. एकाच स्वभावाने बाबांना बेघर केलं आणि मला वाचवलं.

म्हणून तुम्हाला सांगते, वजाबाकी करू नका. उपकारातून अपकार वजा करून जी बाकी उरते, तसा माणूस कुठेच नसतो. दोन खाती वेगळी ठेवा. येणं असेल ते मागा, देणं असेल ते फेडा. आमच्या घरात हे कुणाला पटत नाही. दादाला तर मी फितूर वाटते. (तुमच्या घरात कुणी मारहाण करत असेल तर यातलं काही लागू नाही. आधी तिथून बाहेर पडा.)

काका गेल्या वर्षी वारले. दादा दहाव्याला आला नाही, बाराव्यालाही नाही. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. त्या खोलीत बाबांचा अर्धा वाटा होता, हे मी तिथे सगळ्यांसमोर बोलणार आहे. आणि काकांच्या नावाने वाढलेल्या पानावर बसून जेवणारही आहे.