एक सिलिंडर मिस होत असेल तर

जुन्या दोन सिलिंडरच्या मोटरसायकलचे इंजिन मिस होऊ लागले, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटेनासे झाले, की बहुतेक नवखे थेट कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) खोलून बसतात; माझ्या मते तो शेवटी करण्याचा उद्योग आहे. आधी दोषी सिलिंडर ओळखावा. थंड इंजिन सुरू करून अर्धा-एक मिनिट चालू द्यावे आणि दोन्ही एक्झॉस्ट पाइपांवर, इंजिनालगत, पाण्याचे थेंब टाकावेत: ज्या पाइपावर ते चटकन उडून जात नाहीत, त्याचा सिलिंडर नीट काम करत नाही. चालू इंजिनावर ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगची कॅप (वायरच्या टोकाची टोपी) ओढून पाहण्याची जुनी सवय मात्र टाळावी, कारण ठिणगीला वाट न मिळाल्यास कॉइल (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारा भाग) किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन निकामी होऊ शकते.

नंतर दोन्ही प्लगांची अदलाबदल करावी. दोष प्लगाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर प्रश्न मिटला. न गेल्यास कॅप आणि तिची वायर तपासावी. रेझिस्टर कॅपचा (आत रोधक असलेल्या कॅपचा) रोध बहुधा ५ किलोओहमच्या आसपास असतो.

काढलेला प्लग पेट्रोलने ओला असेल, तर इंधन पोहोचते आहे, पण ठिणगी किंवा कॉम्प्रेशन (पिस्टनने सिलिंडरमध्ये निर्माण केलेला दाब) कमी पडते आहे. कोरडा आणि पांढुरका असेल, तर पायलट जेट (कमी वेगावर पेट्रोल देणारे कार्ब्युरेटरमधील बारीक छिद्र) तुंबल्याचा किंवा इनटेकच्या (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या) रबराला चीर गेल्याचा संशय घ्यावा. कॉम्प्रेशन थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवूनच मोजावे. आकडा कमी आल्यास प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. तो वाढला तर बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, आणि तसाच राहिला तर हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) उघडण्यापूर्वी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट) पाहावा.