ई-रीडर घेऊ की कागदी पुस्तकांकडेच परत जाऊ? वाचनाची सवय पार मोडलीये

तुम्ही विचारलंय की मोबाईलमुळे वाचन सुटलं, आता ई-रीडर घ्यावा की सरळ कागदी पुस्तकं परत सुरू करावीत. इथपर्यंत ठीक. पण त्याच प्रश्नात शेवटी लिहिलंय, "ऑडिओबुक सुचवू नका, ते काही खरं वाचन नाही." मी उत्तर लिहायला बसलोय ते या शेवटच्या वाक्यासाठी. हेच वाक्य आमच्या घरात कित्येक वर्षं चाललंय.

आधी तुमच्या प्रश्नाचं. अभ्यासाचं, माहितीचं काही वाचायचं असेल तर कागद. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचे निकाल एकत्र करून बघितले होते, त्यात १ लाख ७० हजारांवर वाचक होते. कागदावर वाचणाऱ्यांना मजकूर जास्त समजला होता, फरक फार मोठा नाही पण आहे, आणि वेळेचं बंधन असलं की तो वाढतो. नुसत्या गोष्टीच्या बाबतीत मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे कथा-कादंबरी ई-रीडरवर खुशाल वाचा. मोबाईलवर वाचू नका, कारण ज्या वस्तूवर दर दोन मिनिटांनी कोणीतरी हाक मारतं तिथे पुस्तक वाचून होत नाही, याला अभ्यासाची गरज नाही. झालं.

आता बाबांचं सांगतो.

बाबा मुद्रितशोधक होते. आयुष्यभर प्रुफं तपासली. घरी विकत आणलेलं पुस्तकसुद्धा हातात पेन्सिल घेऊनच वाचायचे, छापून बाइंड होऊन आलेल्या पुस्तकात आता खूण करून कोणाला उपयोग, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की समासात खूण पडायचीच. मी आणि ताई लहानपणी त्या खुणा बघूनच शुद्धलेखन शिकलो. आमच्या घरात 'वाचणं' हा शब्द हलक्यात घेतला जायचा नाही.

एक दिवस पेपर वाचता वाचता म्हणाले, "आजकाल ओळी सरळ लावत नाहीत हे लोक." मी लक्ष दिलं नाही. आठवड्याने परत तेच. "ही शिरोरेषा बघ, लाटेसारखी वर-खाली गेलीये." मी पेपर हातात घेऊन बघितला, शिरोरेषा पट्टीने मारल्यासारखी सरळ. तसं म्हणालो तर म्हणाले, "तुला काय कळतंय छपाईतलं." आणि खरंच, छपाईतलं मला कळत नव्हतं, त्यांना कळत होतं, म्हणून मी गप्प बसलो. असे तीन महिने गेले. मग एकदा एक डोळा चोळता चोळता दुसऱ्या डोळ्याने पेपरकडे बघत होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ज्या शब्दाकडे बघावं तोच गायब होतोय.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्यासमोर एक चौकटींचा कागद धरला, मधे एक ठिपका. एक डोळा झाका, ठिपक्याकडे बघा आणि रेघा कशा दिसतात सांगा. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही पण छपाई वाकडी आहे." मग त्यांनीच कागद खाली ठेवला. मला वाटतं त्याच क्षणी त्यांना कळलं की चूक कागदावर नाही.

डॉक्टर म्हणाले, मॅक्युला खराब झालाय. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधोमधचा छोटासा भाग. बारीक बघण्याचं सगळं काम तोच करतो. तो खराब झाला की कडेकडेचं दिसत राहतं, म्हणजे दारातून कोणीतरी आलं हे कळतं पण चेहरा कळत नाही, पान आहे हे कळतं पण अक्षर कळत नाही. डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली, त्याने उरलेलं बरंचसं टिकलं, पण गेलं ते परत आलं नाही.

आधी भिंग आणलं. भिंगाखाली अक्षर मोठं होतं पण ओळ हरवते, पुढची ओळ सापडेपर्यंत आधीचं वाक्य विसरायला होतं. मग मी हौसेने टॅब्लेट आणला आणि त्यावर त्यांच्या आवडीच्या पुस्तकांच्या पीडीएफ टाकल्या. हा माझा मोठा मूर्खपणा. पीडीएफ हा प्रकार १९९३ मध्ये आला तोच मुळी पान सगळीकडे हुबेहूब सारखं दिसावं म्हणून. अक्षर मोठं करायला गेलं की अख्खं पान मोठं होतं, ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसायचं. धड डोळ्यांच्या माणसालाही त्याचा वैताग येतो. तुम्ही जे काही घ्याल त्यावर ईपब किंवा तसल्याच फॉर्मॅटमधली पुस्तकं घ्या, त्यात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने लागतात.

मग ई-रीडर. अक्षर सगळ्यात मोठं करून एका पानावर पाच ओळी, एका ओळीत दोन, फार तर तीन शब्द. जरा तिरकं, मधल्या न दिसणाऱ्या भागाच्या कडेने बघत बाबा वाचायला लागले. पहिल्या दिवशी मी ते उपकरण बंद केलं तरी त्यावर चित्र तसंच दिसतंय हे बघून बाबांनी विचारलं, "हे बंद केलंस ना, मग चित्र कसं राहिलं?" मी वाचून काढलं आणि त्यांना सांगितलं, पडद्यात साधारण केसाच्या जाडीइतक्या बारीक कुप्या असतात, त्यात पांढरे आणि काळे कण, विजेने त्यातले हवे ते वर येतात आणि एकदा वर आले की वीज नसली तरी तिथेच राहतात. वीज लागते ती फक्त पान बदलायला. बाबा म्हणाले, "म्हणजे खिळेच जुळवतोय की." खिळे म्हणजे पूर्वी छपाईसाठी एकेक करून जुळवायची धातूची अक्षरं. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी बघितला होता. एकच गोष्ट त्यांना शेवटपर्यंत खटकली, वाचताना त्यांचा उजवा अंगठा उरलेल्या पानांची जाडी चाचपायचा आणि तिथे काहीच नसायचं.

वर्ष-सव्वा वर्ष असं गेलं. मग दुसरा डोळाही त्याच वाटेने गेला आणि पाच ओळींच्या तीन, तीनाची एक झाली. तेव्हा मी मोबाईलवर मजकूर वाचून दाखवणारा आवाज चालू करून दिला. बाबा दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "हा वाचत नाहीये, धावतोय. स्वल्पविराम खातोय." वेग कमी केला. सेटिंगमध्ये शोधत गेलो तर विरामचिन्हांची नावं पण उच्चारायची सोय सापडली, ती लावली. कोणालाही ते ऐकताना असह्य होईल, मला झालं. बाबा मात्र टेकून बसले आणि दुपारभर ऐकत राहिले.

आणि इथे ताई आली. ताई भाषा शिकवते, वाचनाबद्दल माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणते, हे मला मान्यच आहे. एकदा घरी पाहुणे होते, बाबा त्यांना उत्साहाने सांगत होते की सध्या मी अमुक वाचतोय, तर ताई पटकन म्हणाली, "वाचत नाही बाबा, ऐकताय." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बाबा गप्प झाले आणि पुढचे आठ-दहा दिवस त्यांनी मोबाईलला हात लावला नाही. मी तिच्याशी भांडलो. ती म्हणाली, वाचताना माणूस थांबतो, मागे जातो, अक्षराचं रूप डोळ्यात राहतं, ऐकलेलं वाहून जातं, शब्द वेगळे आहेत कारण गोष्टी वेगळ्या आहेत. मी तिला सांगितलं की माणसं बोलायला-ऐकायला लागली त्यानंतर कितीतरी काळाने लिपी आली. १९३४-३५ च्या सुमारास अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये न दिसणाऱ्यांसाठी तबकड्यांवर अख्खी पुस्तकं देणं सुरू झालं, त्यात पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक होते, आणि जास्त वेळ चालणाऱ्या तबकड्या या पुस्तकांसाठी आधी रुळल्या, गाण्यांसाठी १९४८ नंतर. त्या सैनिकांनी काय केलं मग, ते वाचक नव्हते? ती म्हणाली, "ते श्रोते होते, आणि श्रोता असणं कमी आहे असं मी कुठे म्हणतेय?" यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

उत्तर बाबांनीच दिलं, मला, एकटा असताना. म्हणाले, "आम्ही प्रुफं कशी तपासायचो माहितीये का? दोघं बसायचो. कॉपीहोल्डर मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं उच्चारून, आणि मी समोरच्या गॅलीवर, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या कच्च्या छापावर, नजर ठेवायचो. कान त्याच्याकडे आणि डोळे कागदावर. निम्मं काम कानाने केलंय मी." म्हणून ती विरामचिन्हं त्यांना सुखाची वाटत होती. तो आवाज म्हणजे त्यांच्यासाठी समोर बसलेला कॉपीहोल्डर होता.

पुढची गोष्ट ताईसमोरच घडली. बाबा एक जुनी कादंबरी ऐकत होते, जुनं छापील पुस्तक स्कॅन करून त्याचं ई-पुस्तक केलेलं. अचानक म्हणाले, "थांबव. मागे घे." परत लावलं. "आकाशात धन दाटून आले." बाबा म्हणाले, "धन नाही, घन. मशीनने घ चा ध वाचलाय." थोडं पुढे 'मला' चं 'भला' झालेलं. ताईने कपाटातून छापील प्रत काढली. ती बघणार होती नुसतं, पण बाबा म्हणाले, "मोठ्याने वाच. चिन्हांसकट." मग ताई छापील पुस्तक मोठ्याने वाचतेय, मी ई-रीडरवर नजर ठेवून आहे, आणि बाबा डोळे मिटून दोघांच्या मधे, असा तास-दीड तास गेला. अकरा चुका निघाल्या. त्यातल्या चार मी डोळ्यांनी बघत असून माझ्या नजरेतून सुटल्या होत्या, ताईचा आवाज ऐकून बाबांनीच विचारलं, "तुझ्याकडे काय आहे इथे? परत बघ." आता त्या खोलीत वाचत कोण होतं ते मला सांगा. मी ताईलाही विचारलं. ती म्हणते ते प्रुफ तपासणं झालं, वाचन नव्हे. ती अजून हटलेली नाही आणि मीही नाही.

म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगतो, 'खरं वाचन' हा शब्दच डोक्यातून काढा. तुमचं वाचन सुटलंय ते साधनामुळे सुटलेलं नाही, तुम्ही पुस्तकाला सलग अर्धा तास देत नाही म्हणून सुटलंय. तो अर्धा तास द्या, मग हातात कागद असो, ई-रीडर असो की कानात आवाज.

काही गोष्टी मात्र ताईच्या बाजूने पण सांगायला हव्यात. ऐकताना मन भटकलं तर आवाज तुमच्यासाठी थांबत नाही, डोळे भटकले तर ओळ जागेवर राहते. मी हिशोब करता करता ऐकून बघितलं, एक अक्षर राहिलं नाही. चालताना, भांडी घासताना व्यवस्थित राहतं. आकडे, व्याख्या, नकाशे असलेलं पुस्तक ऐकू नका. आणि वाक्य सुटलं की थोडं मागे जायचं बटण दाबायला आळस करू नका, बाबा तासात दहा-बारा वेळा तरी दाबायला लावायचे.

ई-रीडर घेतलात तर हेही माहिती असू द्या की बहुतेक ई-पुस्तकं कागदी पुस्तकासारखी आपल्या मालकीची होत नाहीत, वाचायचा परवाना मिळतो. २००९ मध्ये अॅमेझॉनने लोकांनी विकत घेतलेली काही पुस्तकं त्यांच्या किंडलवरून परस्पर काढली होती, पैसे दिले, नंतर माफीही मागितली, पण काढली होती. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा पैसे परत केले आणि पुस्तकं उघडायची बंद झाली. म्हणून जे पुस्तक जन्मभर लागणार आहे ते कागदावर घेऊन ठेवा. बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली सगळी पुस्तकं मी ठेवलीयेत, त्यातलं एकही देणार नाही, आणि ताईने दोनदा मागितली आहेत.

आणि हे तुमच्या प्रश्नात नाही, तरी लिहितो. घरात कोणी पन्नाशीच्या पुढचं माणूस ओळी वाकड्या दिसतात, दाराची चौकट वाकलेली दिसते असं म्हणालं तर वाद घालू नका. एकेक डोळा झाकून बघायला सांगा आणि एक-दोन दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आम्ही तीन महिने घालवले.