चावी कुणाकडे ठेवणार?

"पोर आत, आणि आम्ही पुण्याला. लोक काय म्हणतील ते सोडा मॅडम. तो काय म्हणेल?"

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातून आलेल्या अनंतबाबनी खुर्चीवर बसायच्या आधीच हे विचारलं. पावसाचे दिवस. छत्री कुठे ठेवू, हे त्यांनी त्यानंतर विचारलं. सोबत त्यांची बायको, शर्मिलावहिनी. मी समुपदेशक. हीच काळजी मी आणखी चार-पाच घरांतून ऐकली आहे. कुणाला गल्फचा व्हिसा आलेला, कुणाला बोटीवर चढायचं असतं, कुणाला मुंबईत काम मिळत असतं, आणि नेमका तेव्हाच मुलगा निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना अल्पवयीन मुलांना ठेवतात तिथे. म्हणून ही एक हकीगत सविस्तर लिहिते. नावं, गाव, नातीगोती बदलली आहेत. बाल न्याय कायद्यात नुसतं नावच नाही, तर शाळा, पत्ता, ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापायला बंदी आहे. तसं छापणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "पेपरात फोटो येईल का हो?" असं आई-वडील कुजबुजत विचारतात, तेव्हा मी हे आधी सांगते. खांदे जरा खाली येतात.

साहिल सोळा वर्षांचा. अठरा ओलांडलेल्या दोघांबरोबर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मोटारसायकल उचलताना सापडला. ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी समज देऊन घरी सोडलं होतं. या वेळी बाल न्याय मंडळाने जामीन दिला नाही. एरवी अल्पवयीन मुलाला जामीन मिळणं हाच नियम आहे. पण सुटल्यावर मूल पुन्हा त्याच संगतीत जाईल असं वाटलं, तर मंडळ नाही म्हणू शकतं. तेच झालं, आणि त्याची रवानगी मेरशीच्या निरीक्षणगृहात झाली.

अनंतबाब खाणीवर टिपर चालवायचे. खाणीपासून जेटीपर्यंत दिवसाला ट्रिपा मारायच्या आणि ट्रिपेप्रमाणे पैसे घ्यायचे. ट्रक स्वतःचा, कर्जावर घेतलेला. 2012मध्ये खाणी पहिल्यांदा बंद पडल्या तेव्हा कसंबसं तगले, मार्च 2018मध्ये पुन्हा बंद पडल्या तेव्हा नाही. ट्रक घरामागच्या जांभळीखाली उभा राहिला. टायर बसले, केबिनमध्ये कोंबडीने अंडी घातली, शेवटी तो भंगारात गेला. मग मिळेल तिथे बदली ड्रायव्हर. वहिनी महिला मंडळातर्फे शाळेचा मध्यान्ह आहार रांधतात. आता पुण्याजवळ चाकणला एका मावसभावाने कंपनीच्या बसवर पक्की नोकरी बघून दिली होती, राहायला खोलीसकट. धाकटी दीक्षा नववीत. शाळेत तिला कुणीतरी "गाडीचोराची भैण" म्हटलं होतं.

पहिल्या बैठकीत माझं चुकलं, ते सांगून टाकते. मी म्हटलं, प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत कुठेच जाऊ नका. बोलायला सोपं वाक्य. वहिनींनी माझ्याकडे सरळ बघितलं. "थांबायचं तर तोवर खायचं काय, तेही सांगा बाई."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पगाराच्या नोकरीत बसून बिनपगारी माणसाला धीर धरायला सांगणं हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे.

दुसऱ्या बैठकीत मी जाण्या-न जाण्याचं बाजूला ठेवलं आणि विचारलं, साहिलला शेवटचं कधी भेटलात? वहिनी म्हणाल्या, गेल्याच आठवड्यात. अनंतबाब गप्प. हळूहळू कळलं की हे गृहस्थ दर भेटीला बायकोला स्कूटरवर मागे बसवून तीसेक किलोमीटर यायचे, फाटकाबाहेर थांबायचे, आणि भेट संपली की तिला घेऊन परत जायचे. आत एकदाही गेले नव्हते.

"त्याला तिथे बसलेला मला बघवणार नाही."

आणि साहिल आईला दर वेळी एकच विचारायचा, बाबा आले नाहीत? वहिनी सांगायच्या, कामावर गेलेत. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाविषयी.

इथे मला प्रश्न उलटा दिसायला लागला. पुण्याला गेलो तर मुलाला टाकल्यासारखं होईल का, असं विचारणारा बाप मुलाच्या हिशेबी दीड महिन्यापूर्वीच निघून गेला होता. मेरशी तीस किलोमीटरवर असूनही. आई-वडील अंतर मोजत राहतात. आतलं पोर मोजतं, कोण येतो म्हणाला होता आणि कोण आला. साहिलला खरी भीती काय होती, ते त्याने पुढे सांगितलंच.

कायद्याची बाजू मात्र खरोखर अंतराशी जोडलेली आहे, आणि तिथे बरीच घरं चूक करतात. परिविक्षा अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना प्रोबेशन ऑफिसर म्हणतो ते, मुलाच्या घरची सामाजिक चौकशी करून मंडळाला अहवाल देतात. घरी कोण असतं, मुलावर कोण लक्ष ठेवणार, तो शिकणार की काम करणार, सगळं त्यात येतं. मंडळ मुलाला आई-वडिलांच्या ताब्यात चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं, तीन वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी. पण ताब्यात घ्यायला घरात माणूस हवं ना? अनंतबाबना वाटत होतं, जायचं म्हणून सांगितलं तर अहवाल बिघडेल, म्हणून तोंड मिटून राहावं. मी म्हटलं, चौकशीला माणूस येईल आणि दाराला कुलूप दिसेल, तेव्हा काय होईल? सांगून गेलात तर ती योजना ठरते. न सांगता गेलात तर पळून गेलात असंच कागदावर दिसेल.

त्याच आठवड्यात त्यांनी परिविक्षा अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं, नव्या पत्त्यासह. मुलाचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर तिकडच्या मंडळाशी विचारविनिमय करून त्याला तिथे पाठवण्याची सोय कायद्यात आहे, पण आपण हललो म्हणून ते आपोआप होत नाही. मंडळाला ते मुलाच्या भल्याचं वाटलं पाहिजे. वकिलाचे पैसे नव्हते. बायका आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्नाचा दाखला आड येत नाही, हे दोघांनाही माहीत नव्हतं. गावात कुणाला माहीत असतं? शिवाय, चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत पुरी व्हावी, फार तर दोन महिने वाढवून, अशी मुदत कायद्यात आहे. हे कळल्यावर वहिनींनी बोटांवर महिने मोजले आणि पहिल्यांदा म्हणाल्या, "म्हणजे याला शेवट आहे."

मग घरातच मतभेद. अनंतबाबना सगळ्यांना घेऊन जायचं होतं. गावाला तोंड दाखवायला नको, त्या दोन पोरांची सावली नको. संगत तुटण्याचा मुद्दा अगदी खरा होता. पण दीक्षाची नववी अर्ध्यात, आणि चाकणच्या एका खोलीत साहिल दिवसभर एकटा काय करणार, याचा विचार कुणी केला नव्हता. वहिनींचं म्हणणं, लाजेपायी मी घर बंद करणार नाही. तीन बैठका यातच गेल्या. त्या लिहीत नाही. भांडण कुठल्याही घरातलं असतं तसंच होतं, आणि मध्ये एकदा सासूबाईंच्या वाट्याच्या नारळांचा विषयही निघाला. शेवटी असं ठरलं की अनंतबाबनी एकट्याने आधी जायचं, वहिनी आणि दीक्षा निदान मंडळाचा आदेश होईपर्यंत गावात.

आता साहिलला सांगायचं कुणी? अनंतबाब म्हणाले, हिला सांगू द्या. मी ठाम नाही म्हटलं. बोलून बघा, इथेच माझ्यासमोर. त्यांचं पहिलं वाक्य आलं, "तुझ्यामुळे आम्हाला गाव सोडावं लागतंय."

"तुझ्यामुळे काढा."

"पण खरं तेच ना?"

"ट्रक कुणामुळे गेला?"

बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकत बसलो. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली. सहा-सात वेळा केली. एकदा फारच गोड झालं, एकदा भाषण झालं. शेवटी चार वाक्यं उरली. मी कामाला पुण्याला जातोय. ट्रक गेल्यापासून काम नाही, म्हणून जातोय. आई आणि दीक्षा घरीच आहेत. महिन्यातून एकदा मी तुला भेटायला येणार. ते आधी "दर आठवड्याला" म्हणत होते, मी महिन्यावर आणलं. चाकणहून रात्रभराचा प्रवास, नवी नोकरी, सुट्टी मिळणार की नाही ठाऊक नाही. तिथल्या पोराला जास्तीचं आश्वासन देऊन मोडण्यापेक्षा थोडं देऊन पाळलेलं बरं. भेटीचे दिवस आणि वेळा संस्थेच्या नियमाप्रमाणे असतात, त्या आधी अधीक्षकांना विचारून घेतल्या.

भेटीच्या दिवशी अनंतबाब आत गेले. मीही होते. साहिलने बापाला बघून आधी खाली बघितलं, मग आईकडे, मग पुन्हा खाली. त्यांनी चारही वाक्यं सांगितली, तिसरं विसरले आणि शेवटी जोडलं. पोरगा काही बोलेना. मला वाटलं रडेल, नाहीतर तडकेल. आमच्याकडे बोलणं कोकणी-मराठी सरमिसळच चालतं. तो कोकणीत एवढंच म्हणाला, "चावी खंय दवरतले?"

चावी कुठे ठेवणार.

अनंतबाबना कळलंच नाही. वहिनींना कळलं. त्या म्हणाल्या, अरे, घर बंद नाही करणार, मी आहे ना. तो म्हणाला, आता आहेस. पुढे तूही गेलीस तर? मी सुटून आलो आणि कुलूप असलं तर?

त्याच्या डोक्यात एवढंच फिरत होतं. बाप कुठे जातो, किती पगार, काही नाही. सुटल्यावर आपण दारात उभे, आणि दार बंद.

अनंतबाबनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. स्कूटरची, घराची, आणि एक जाडजूड चावी विकलेल्या ट्रकची, अजून सांभाळलेली. कायमचं कुलूप लागायची वेळ आली तर तुला आधी विचारणार, म्हणाले, आणि चावी शेजारच्या आत्येकडे ठेवणार. साहिल म्हणाला, आत्येकडे नको, ती हरवते. मग दोघं मिळून कुणाकडे ठेवायची यावर वाद घालत बसले. भेटीची वेळ संपेपर्यंत तोच विषय. मी समुपदेशक म्हणून त्या दिवशी काही केलं नाही.

अनंतबाब चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी गेले. चवथ घरात साहिलविना झाली. दर वर्षी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं रानातलं सामान तोच आणायचा. नंतरच्या भेटीत दीक्षाने सांगितलं, या वेळी आम्ही आणलं, तर पहिला प्रश्न, "कांगलं कुणी शोधलं? मिळालं तुम्हाला?" थोडा रागच होता त्यात. दीक्षा खूश झाली.

एका महिन्यात अनंतबाब येऊ शकले नाहीत. बस बंद पडली, घाटात अडकले. त्यांनी संस्थेत फोन करून निरोप ठेवला. पूर्वीचे अनंतबाब फोन न करता दोन महिने लपून बसले असते, असं वहिनीच म्हणाल्या. पुढच्या वेळी साहिलने तक्रार केली ती एवढीच, की निरोप देणाऱ्याने नाव चुकीचं सांगितलं.

पाचव्या महिन्यात मंडळाने त्याला आईच्या ताब्यात, परिविक्षा अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली सोडलं. तो आता आयटीआयच्या प्रवेशाची वाट बघतोय आणि तोवर चुलत्याच्या गॅरेजमध्ये हात काळे करतो. या आदेशामुळे पुढे नोकरी अडणार का, ही वडिलांची उरलेली भीती. अडत नाही, कायदा तशी अपात्रता लावत नाही, हे मी त्यांना फोनवर दोनदा सांगितलं. त्या दोन पोरांपैकी एक जण परवा रस्त्यावर भेटला, साहिल थांबला नाही. पण घरी येऊन जेवला नाही. चाकणला सगळ्यांनी जायचं की नाही, ते दीक्षाच्या दहावीनंतर बघणार आहेत.

चावी सध्या वहिनींकडेच आहे. दुसरी करून घेतली, ती साहिलकडे.