सरकारी वकिलांचा साहेब नेमका कोण?

अभियोग संचालनालयातून, म्हणजे फौजदारी खटले चालवणाऱ्या सरकारी अभियोक्त्यांच्या (वकिलांच्या) मुख्य कार्यालयातून निवृत्त झाल्यावर वाटले होते, आता कोणी काही विचारणार नाही. पण वरिष्ठ पदांबद्दल एवढी पत्रे आली की त्यांतली पाच निवडून उत्तरे देतो.

प्रश्न : मी विधी शाखेचा विद्यार्थी आहे. महाधिवक्ता, जिल्हा सरकारी वकील, सहायक सरकारी अभियोक्ता आणि अभियोग संचालक यांत कोण कोणाच्या हाताखाली? पुस्तकात एक वाचतो, कोर्टात भलतेच दिसते.

दिसते ते बरोबर आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात उभा राहतो तो सहायक सरकारी अभियोक्ता. तो लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून आलेला, पगारी, बदलीपात्र नोकर असतो आणि त्याचे संचालनालय गृह विभागाखाली येते. सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील असतात. त्यांना वकिली करणाऱ्यांमधून ठरावीक मुदतीसाठी नेमतात. ती नेमणूक १९८४च्या विधी अधिकारी नियमांनुसार विधी व न्याय विभाग करतो. म्हणजे खुनाच्या खटल्याची फाइल सत्र न्यायालयाकडे वर्ग झाली की घरच बदलते. रिमांडला जो भांडला त्याला पुढे काय झाले ते अनेकदा वर्तमानपत्रातूनच कळते.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २० सांगते की संचालनालयाचा प्रमुख संचालक आणि त्याच्यावर प्रशासकीय नियंत्रण गृह विभागाचे. उच्च न्यायालयातले सरकारी अभियोक्ते संचालकांना दुय्यम, तर जिल्ह्यातले उपसंचालक किंवा सहायक संचालकांना. महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे मुख्य वकील, सरकारी अभियोक्त्याचे काम करत असतील तेव्हा त्यांना हे कलम लागू नाही. कागदावर उतरंड स्वच्छ आहे. पण ज्याची नेमणूक आणि मुदतवाढ दुसऱ्या विभागाच्या हातात, त्याला तुमच्या पत्राचे उत्तर द्यायची घाई नसते, हे कलमात लिहावे लागत नाही. चांगला सहायक संचालक म्हणूनच जिल्हा सरकारी वकिलांना आदेश धाडत बसत नाही, त्यांच्या चेंबरमध्ये जाऊन चहा घेतो.

प्रश्न : मी सोळा वर्षे सहायक सरकारी अभियोक्ता आहे. संचालकपदी बाहेरचा वकील बसू शकतो, निवृत्त न्यायाधीशही बसू शकतो. आमची सेवा 'वकिली' म्हणून धरतात की नाही?

तुमच्या प्रश्नात राग आहे आणि तो रास्त आहे. आधी कायदा. जुन्या संहितेच्या, म्हणजे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २५-अ प्रमाणे संचालक आणि उपसंचालक पदासाठी दहा वर्षांची वकिली पुरे होती, पण नेमणुकीला उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींची सहमती लागे. नव्या कलमात पंधरा वर्षांची वकिली हवी, नाहीतर व्यक्ती आजी किंवा माजी सत्र न्यायाधीश हवी. सहमतीची अट मात्र गेली. वर्षे वाढवून पदाचे वजन वाढत नसते. नेमणूक एकट्या सरकारच्या मर्जीवर नाही, एवढे तरी त्या अटीमुळे म्हणता येत होते.

आता सेवेचा मुद्दा. कलम १८ मध्ये सरकारी अभियोक्त्याच्या पात्रतेसाठी 'सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून केलेली सेवा वकिली मानावी' अशी स्पष्ट तरतूद आहे. कलम २० मध्ये तसे शब्द नाहीत. तरी घाबरू नका. जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दीपक अगरवाल विरुद्ध केशव कौशिक या निकालात म्हटले आहे की, कोर्टात सरकारची बाजू मांडणारा अभियोक्ता पगारी असला तरी वकीलच राहतो. तोच युक्तिवाद तुमच्या कामी येईल, पण तुम्ही कोर्टात उभे राहत असाल तरच. मुख्यालयात टेबलावर बसून अभिप्राय लिहिण्यात दहा वर्षे गेली असतील तर हा आधार दुबळा होतो. चालवलेल्या खटल्यांची यादी आजपासूनच ठेवा.

तिघांपैकी कोण बरा, असे मला विचाराल तर मी केडरमधला, म्हणजे अभियोक्ता म्हणून सेवेतून वर आलेला माणूस निवडेन. रोजनामा, म्हणजे खटल्यात त्या दिवशी काय झाले याची कोर्टातली नोंद, कसा लिहिला जातो आणि साक्षीदार दुपारी चारला कसा परत पाठवला जातो, हे त्याने भोगलेले असते. न्यायाधीशासमोर फाइल आपोआप येते, इथे फाइलच्या मागे धावावे लागते. बाहेरच्या वकिलाकडून एकच गोष्ट शिकावी. मंत्रालयात सचिवांसमोर बसताना त्याचा आवाज खाली जात नाही.

प्रश्न : मी पोलीस निरीक्षक आहे. दोषारोपपत्र सादर करायच्या आधी अभियोक्ता कार्यालय त्रुटी काढून परत पाठवते. तपास आमचा, मग हुकूम त्यांचा का?

हुकूम नाहीच. दोषारोपपत्र पाठवायचे की नाही हे तपासी अधिकाऱ्याने ठरवायचे. सरकारी अभियोक्त्याचे मत घेऊनच ते पाठवा असे बंधन न्यायालयही घालू शकत नाही, हे आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू या २०००च्या निकालात आले आहे. नव्या संहितेने उपसंचालकांना पोलीस अहवाल, म्हणजे हेच दोषारोपपत्र, तपासण्याचे काम दिले आहे, पण तपासणे म्हणजे तपासावर ताबा घेणे नव्हे. एक आठवण मात्र देतो. एके काळी महाराष्ट्रात अभियोक्ते पोलीस खात्याच्याच नियंत्रणाखाली होते. १९९५ साली शहाणे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वेगळे करायला लावले. तेव्हा कोणी त्रुटी काढत नसे आणि त्या त्रुटी आरोपीचे वकील उलटतपासात काढत. यादी आली की चिडू नका. त्यात पंचांच्या सह्या आणि मुद्देमालाच्या सीलबद्दल काही असेल तर तेवढे त्याच दिवशी बघा.

प्रश्न : नुकतीच सहायक संचालकपदी बढती मिळाली. दर मासिक बैठकीत दोषसिद्धीचे प्रमाण विचारतात. ते वाढवायचे कसे?

आधी तो आकडा फोडा. जुगार आणि दारूबंदीच्या खटल्यांत आरोपी गुन्हा कबूल करून दंड भरतो, तीही दोषसिद्धीच. विनयभंगाच्या नि दुखापतीच्या खटल्यांबरोबर हे सगळे एका टोपलीत घातले की टक्केवारी कशीही वर चढते आणि त्यातून कळत काहीच नाही. कबुलीचे खटले वेगळे काढून तक्ता मांडा. आकडा एकदम कोसळेल. पहिल्या बैठकीत बोलणी खावी लागतील, ती खाऊन घ्या.

मग निर्दोष मुक्ततेचे निकाल स्वतः वाचा. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की प्रत्येक निर्दोष मुक्ततेची कारणे पोलीस आणि अभियोग विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या स्थायी समितीने तपासावीत. आदेश चांगला होता. आपण त्याचा रकाना केला आणि त्या रकान्यात वर्षानुवर्षे दोनच शब्द येत राहिले : 'साक्षीदार फितूर'. मी एका जिल्ह्यात असताना नुसते हे दोन शब्द लिहायला मनाई केली. घटना कधीची, साक्ष कधी झाली, त्या दरम्यान साक्षीदाराला किती वेळा कोर्टात बोलावून साक्ष न घेता परत पाठवले, आणि सरतपासाआधी (आपल्या बाजूने घ्यायच्या साक्षीआधी) आपला अभियोक्ता त्याच्याशी किती मिनिटे बोलला, हे लिहायचे. पहिले दोन महिने सगळे वैतागले. तिसऱ्या महिन्यात दिसले की 'फितूर' म्हणून नोंदलेल्यांपैकी अनेकांना कोणी विकत घेतले नव्हते. ते कंटाळले होते, आणि घटनेला इतकी वर्षे उलटल्यावर त्यांना खरोखर आठवत नव्हते. त्यावर उपाय समन्सचा, पैरवी अंमलदाराचा (कोर्टातल्या खटल्यांचा पाठपुरावा करणाऱ्या पोलिसाचा) आणि तारखांचा आहे. भाषणाने तो होत नाही.

तपासातल्या चुका वेगळ्या ठेवा आणि आपल्या वेगळ्या. सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) आला होता पण निशाणी क्रमांक पडलाच नाही, म्हणजे तो पुराव्यात नोंदलाच गेला नाही, ही चूक आपली. दोन कोर्टांचा चार्ज एकाच अभियोक्त्याकडे होता, ही चूक तुमची, म्हणजे कार्यालयप्रमुखाची.

आणखी एक ढीग निघेल : जे खटले हरायलाच हवे होते. पुरावा नव्हता, माणूस सुटला, बरोबर झाले. दोषसिद्धी कसेही करून मिळवायची तहान सरकारी अभियोक्त्याला नसावी, असे सर्वोच्च न्यायालयाने शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या १९९९च्या निकालात बजावले आहे. वाक्य सगळ्यांना पाठ असते. कसोटी लागते ती एखादा तरुण अभियोक्ता भर कोर्टात सांगतो की चार नंबरच्या आरोपीविरुद्ध आमच्याकडे पुरावा नाही, त्या दिवशी. संध्याकाळी फोन त्याला येत नाही, तुम्हाला येतो. तेव्हा 'त्याच्याशी मी बोलतो' असे म्हणालात तर पुढच्या वेळी तो तोंड उघडणार नाही, आणि त्याचे बघून बाकीचे आठही. 'फाइल मी वाचली आहे, तो बरोबर आहे' असे म्हणता यावे म्हणून फाइल आधी वाचलेली असावी लागते. माझ्या मते या पदाचे निम्मे काम हेच आहे.

प्रश्न : आमच्या गावातल्या मारहाणीचा खटला सरकारने मागे घेतल्याचे ऐकले. माझा भाऊ त्यात जखमी होता. हे संचालक ठरवतात का?

नाही. खटला मागे घेण्याचा अर्ज त्या खटल्याचे काम पाहणाऱ्या अभियोक्त्यानेच करायचा असतो. सरकार सुचवू शकते, पण त्याने स्वतः विचार करून मत बनवायचे असते आणि न्यायालयाची संमती लागते. नव्या संहितेच्या कलम ३६० मध्ये तुमच्या कामाची भर पडली आहे : पीडिताला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय न्यायालयाने परवानगी द्यायची नाही. आरोपींत आजी किंवा माजी आमदार, खासदार असेल तर उच्च न्यायालयाची परवानगीही लागते, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२१चा आदेश आहे. तेव्हा 'ऐकले' यावर थांबू नका. कोर्टात जाऊन अर्ज खरोखर दिला आहे का ते बघा, आणि दिला असेल तर भावाच्या नावाने म्हणणे दाखल करा.

आणि समजा खटला चालून आरोपी निर्दोष सुटले, तर अपिलाबद्दल मत देणे हे संचालकांचे काम आहे. उच्च न्यायालयात सरकारी अपील करायचे की नाही ते राज्य सरकार ठरवते आणि त्याला नव्वद दिवसांची मुदत असते. पण तुम्हाला त्या टपालाची वाट पाहायची गरज नाही. पीडिताला स्वतः अपील करता येते, आणि त्यासाठी वरच्या न्यायालयाची आगाऊ परवानगी लागत नाही, हे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका.